दयेची शिकवणी नको

विज्ञान शिकायचं ठरवून अमेरिकी महाविद्यालयांत पाऊल टाकणारी निम्म्याहून अधिक मुलं विज्ञानाची पदवी न घेताच बाहेर पडतात. राष्ट्राध्यक्षांच्या विज्ञान-तंत्रज्ञान सल्लागार मंडळाने २०१२ साली हे अधिकृतपणे मांडलं. विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी किंवा गणित यांत पदवी मिळवायची म्हणून आलेल्यांतले ४० टक्क्यांहून कमी विद्यार्थी ती मिळवतात. ही झाली सरासरी. कॅथरीन रीगल-क्रम्ब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये हेच चित्र वंशानुसार उलगडून दाखवलं. विज्ञानशाखा निवडलेल्या गोऱ्या विद्यार्थ्यांपैकी २९ टक्क्यांनी शाखा बदलली आणि १३ टक्के पदवीविनाच महाविद्यालय सोडून गेले. लॅटिनो विद्यार्थ्यांत हे आकडे ३७ आणि २०, कृष्णवर्णीयांत ४० आणि २६. म्हणजे शंभर कृष्णवर्णीय मुलं विज्ञान शिकायला आली, तर शेवटी विज्ञानाचा कागद हातात पडतो चौतीस जणांच्या.

या अभ्यासातला मला सगळ्यात बोलका वाटलेला भाग वेगळाच आहे. शालेय तयारी हिशेबात धरली तरी हा फरक पुरता मिटत नाही. आणि व्यवसाय-व्यवस्थापनासारख्या शाखांत शाखा बदलण्याच्या प्रमाणात असा वांशिक फरक दिसत नाही. मुलं तीच, घरं तीच, शाळाही त्याच. तरीही गळती विज्ञानातच जास्त. मग ‘ही मुलं मुळात कच्ची असतात’ हे उत्तर किती पुरेल?

अमेरिकेत या विषयावरचं सगळं भांडण प्रवेशाच्या दारावर होतं. कुणाला आत घ्यायचं, कुठल्या निकषावर, कुणाची जागा कुणी घेतली. न्यायालयं, वर्तमानपत्रं, निवडणुका सगळं तिथेच अडकतं. दारातून आत आल्यावर त्या मुलाला पहिल्या सेमिस्टरमध्ये कुठले विषय घ्यायला सांगितले, कुणी सांगितले, तो अभ्यासाला कुणाबरोबर बसतो, हे प्रश्न किरकोळ कारभाराचे समजून कुणा कारकुनाकडे सोपवले जातात. माझं म्हणणं असं की खरा निकाल तिथेच लागतो. शैक्षणिक सल्ला आणि ज्येष्ठ विद्यार्थ्यांची सोबत या गोष्टी मागे पडलेल्यांसाठीची सवलत म्हणून चालवल्या की त्या फसतात. विज्ञान शिकवण्याचाच भाग म्हणून, अवघड अभ्यासाला घट्ट बांधून आणि पैसे मोजून चालवल्या की काम करतात. याला पुरावा आहे, आणि तो गेल्या पन्नास वर्षांतला आहे.

सुरुवात बर्कलीपासून करावी लागते. १९७०च्या दशकाच्या मध्यावर कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली संकुलात युरी ट्रीझमन नावाचा गणिताचा संशोधक विद्यार्थी होता. पहिल्या सत्राच्या कॅल्क्युलसमध्ये कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे निकाल फार वाईट लागत होते. आधीच्या दहा वर्षांत हा विषय पूर्ण केलेल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांपैकी ६० टक्क्यांना डी किंवा एफ अशा तळाच्या श्रेणी मिळाल्या होत्या. ट्रीझमनने आधी प्राध्यापकांनाच विचारलं, असं का होतं? उत्तरं ठरलेली आली. मुलांना ओढ नसते, शाळेत पाया कच्चा राहिलेला असतो, घरी शिक्षणाचं वातावरण नसतं, आणि शेवटी सगळ्याचं मूळ गरिबी.

यातलं प्रत्येक उत्तर सद्भावनेनेच दिलेलं होतं. मात्र ते कुणी तपासून पाहिलेलं नव्हतं. ट्रीझमनने वीस कृष्णवर्णीय आणि वीस चिनी वंशाचे विद्यार्थी निवडले आणि महिनोन्‌महिने त्यांच्या अवतीभवती काढले. ते अभ्यास कसा करतात, कुठे, कुणाबरोबर, किती वेळ, हे पाहिलं. आणि चारही उत्तरं एकेक करून ढासळली. आईवडिलांनी मुलांच्या शिक्षणासाठी जिवाचं रान केलेलं होतं. मुलं आपापल्या शाळेत पहिली आलेली होती. उत्पन्न हे कारण टिकेना. पूर्वतयारीचं कारण तर उलटंच पडलं, कारण प्रवेशपरीक्षेत उत्तम गुण मिळवलेली काही कृष्णवर्णीय मुलंच लवकर गळत होती.

फरक होता तो बसण्या-उठण्यात. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना सांगितलं गेलं होतं की वर्गातल्या दर तासामागे दोन तास अभ्यास करा. ते आठवड्याला आठ तास, अगदी इमानेइतबारे, एकटे बसून अभ्यास करत. मित्र वेगळे, अभ्यास वेगळा. शाळेत हीच शिस्त त्यांना वर घेऊन आली होती, त्यामुळे ती सोडायचं काही कारण नव्हतं. चिनी मुलं आठ-दहा तास एकेकटी अभ्यास करत आणि मग आणखी चार-सहा तास एकत्र जमत. एकमेकांची उत्तरं ताडून बघत, एकमेकांचं इंग्रजी सुधारत, कधी कुणाचा मोठा भाऊ येऊन सगळ्यांची परीक्षा घेई. आणि इथेच मला सगळी मेख वाटते. एखादं उदाहरण गटातल्या एकालाही सुटलं नाही तर त्यांना कळे की हे उदाहरणच अवघड आहे, आता शिक्षकाला विचारलं पाहिजे. एकट्याने बसलेल्या मुलाला हे कळण्याची सोयच नव्हती. त्याला उदाहरण सुटलं नाही की तो समजे, आपल्यातच काहीतरी कमी आहे. विद्यापीठाचे अलिखित नियमही त्या गटांत फिरत. कुठल्या खिडकीवर कधी जायचं, कुठला विषय कधी सोडता येतो, कुठल्या परीक्षेत काय विचारतात. एकट्या मुलापर्यंत हे पोचत नव्हतं.

विद्यापीठात मदतीची केंद्रं होती, मोफत शिकवणीही होती. पण ती ‘कच्च्यां’साठी म्हणून ओळखली जात, आणि शाळेत पहिला आलेला मुलगा तिथे पाय ठेवत नसे. कशाला ठेवेल? आयुष्यभर ज्याला हुशार म्हटलं गेलं, त्याने पहिल्याच महिन्यात स्वतःच्या कपाळावर ‘दुबळा’ अशी चिठ्ठी चिकटवून घ्यायची?

ट्रीझमनने १९७८ मध्ये जी कार्यशाळा सुरू केली तिची रचना या निरीक्षणातून आली. ती उजळणीची शिकवणी नव्हती. मुलांना सांगण्यात आलं की हा उत्तम विद्यार्थ्यांसाठीचा उपक्रम आहे. आठवड्यातून दोनदा, दोन-दोन तास, लहान गटांत बसून, पाठ्यपुस्तकापेक्षा अवघड उदाहरणं सोडवायची. जवळ एक जाणता माणूस असे, पण तो उत्तर सांगत नसे. निकाल असा लागला की प्रवेशपरीक्षेच्या गणितात सहाशेच्या आसपास गुण असलेले कृष्णवर्णीय विद्यार्थी साडेसातशेच्या आसपास गुण असलेल्या गोऱ्या आणि आशियाई विद्यार्थ्यांच्या बरोबरीने कॅल्क्युलस करू लागले. ट्रीझमनवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो की कार्यशाळेला येणारी मुलं मुळातच उत्साही असतील. आक्षेप रास्त आहे आणि तो पूर्ण खोडता येत नाही. पण गंमत अशी की हीच मुलं याआधी ‘ओढ नसलेली’ म्हणून मोजली जात होती.

या गोष्टीतून लोक बहुतेक वेळा ‘गटाने अभ्यास करा’ एवढाच धडा घेतात आणि मग नुसतं एकत्र बसवतात. चहा, ओळखपरेड, प्रोत्साहनपर भाषण. गट जमतो, अभ्यास होत नाही. कार्यशाळेचं बळ उदाहरणांच्या अवघडपणात होतं. उदाहरण सोपं असेल तर दुसऱ्या कुणाची गरजच लागत नाही. ते एकट्याला न पेलणारं असेल तरच चारजण खुर्च्या जवळ ओढतात. सहानुभूती दाखवणारे पुष्कळ असतात. या मुलांना कमी पडत होते ते त्यांच्याकडून मोठी अपेक्षा ठेवणारे.

आता सल्ल्याकडे. शैक्षणिक सल्लागार म्हणजे विषयांच्या यादीवर सही करणारा माणूस, अशी समजूत ज्यांच्या घरात दोन पिढ्या पदवीधर आहेत त्यांना परवडते. पहिल्या पिढीतल्या विद्यार्थ्याला नाही. साधं उदाहरण घ्या. अमेरिकेत विषयांचा भार क्रेडिटमध्ये मोजतात. एका सेमिस्टरला बारा क्रेडिट घेतले की सरकारी आर्थिक मदतीच्या दृष्टीने तुम्ही ‘पूर्णवेळ’ विद्यार्थी ठरता. पण पदवीला साधारण १२० क्रेडिट लागतात, म्हणजे चार वर्षांत संपवायचं तर दर सेमिस्टरला पंधरा हवेत. बारा घेणारा मुलगा नियमाने पूर्णवेळ असतो आणि तरीही दर सेमिस्टरला मागे पडत असतो. कागदावर कुठेही चूक नाही. फक्त हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

विज्ञानात हे जास्तच बोचतं, कारण इथले विषय एकमेकांच्या खांद्यावर उभे असतात. कॅल्क्युलस झाल्याशिवाय भौतिकशास्त्र नाही, त्याशिवाय पुढची अभियांत्रिकी नाही. सामान्य रसायनशास्त्राशिवाय सेंद्रिय रसायन नाही, आणि त्याशिवाय जीवरसायन नाही. यातला एखादा विषय वर्षातून एकदाच शिकवला जात असेल आणि तो एका सेमिस्टरने हुकला तर अख्खं वर्ष जातं. इतिहासाच्या विद्यार्थ्याला एक विषय मागेपुढे झाला तर फारसं बिघडत नाही. विज्ञानाच्या विद्यार्थ्याचं पहिल्या ऑगस्टमध्ये केलेलं एक चुकीचं नाव-नोंदणीपत्र चौथ्या वर्षी उलटतं. मग आर्थिक मदतीची मुदत संपत येते आणि मुलगा शाखा बदलतो. आकडेवारीत त्याची नोंद होते, ‘रस उरला नाही’.

आणखी एक गोष्ट घ्या. अमेरिकेत विज्ञानातली पीएच.डी. करताना विद्यार्थ्याने फी भरायची नसते. बहुतेक विद्यापीठं फी माफ करतात आणि वर विद्यावेतन देतात. प्राध्यापकाच्या घरातल्या मुलाला हे जेवणाच्या टेबलावर कळतं. ज्याच्या घरात कुणी महाविद्यालयात गेलेलं नाही तो मनातल्या मनात आणखी पाच-सहा वर्षांच्या कर्जाचा हिशेब करतो आणि तो दरवाजा स्वतःच लावून घेतो. उन्हाळ्यातल्या संशोधनाचंही तसंच. राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठान पदवीपूर्व विद्यार्थ्यांना विद्यावेतनासह प्रयोगशाळेत काम करण्याची संधी १९८७पासून देत आलं आहे. पण अर्ज थंडीतच करावे लागतात. उन्हाळा जवळ आल्यावर चौकशी करणाऱ्याला उशीर झालेला असतो. प्राध्यापकांच्या भेटीच्या तासांना जायचं ते चूक झाल्यावर कान पकडायला, असं समजणारी मुलं आहेत. तिथे जाऊन संशोधनाबद्दल गप्पा मारायच्या असतात, त्यातूनच पुढे शिफारसपत्र मिळतं, हे कुठल्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं?

हे सगळं सांगायला माणूस लागतो आणि त्या माणसाला वेळ लागतो. न्यू यॉर्क शहराच्या सार्वजनिक विद्यापीठाने २००७ मध्ये दोन वर्षांच्या महाविद्यालयांत ‘असॅप’ नावाचा कार्यक्रम सुरू केला. तो केवळ विज्ञानासाठी नाही, पण सल्ल्याच्या प्रश्नावर त्याच्याइतका स्वच्छ पुरावा क्वचित मिळतो, कारण चिठ्ठ्या टाकून दोन गट केले गेले होते. कार्यक्रमातल्या सल्लागाराकडे साठ ते ऐंशी विद्यार्थी असत. बाहेरच्या सल्लागाराकडे सहाशे ते पंधराशे. कार्यक्रमातल्या मुलांनी सल्लागाराला वरचेवर भेटायचं, पूर्णवेळ शिकायचं. त्यांना फीतली तूट भरून मिळे, प्रवासाचा पास मिळे, पुस्तकं मिळत. तीन वर्षांनी कार्यक्रमातले ४० टक्के पदवीपर्यंत पोचले होते, बाहेरचे २२ टक्के. हा परिणाम एकट्या सल्ल्याचा नाही, सगळ्या घटकांचा मिळून आहे. खर्चही दर विद्यार्थ्यामागे तीन वर्षांत सोळा हजार डॉलरहून जास्त झाला. पण एका पदवीधरामागचा खर्च काढला तर तो कमी भरला, कारण पदवीधरच जवळजवळ दुप्पट झाले. पंधराशे मुलांना एक सल्लागार नेमून ‘आम्ही सल्ल्याची सोय केली आहे’ म्हणणाऱ्या संस्थांनी हा हिशेब एकदा मांडून पाहावा.

मात्र सल्लागार वाढवा म्हणताना एक सावधगिरी हवी. सल्ला नेहमी भल्यासाठीच असतो असं नाही. समाजशास्त्रज्ञ बर्टन क्लार्क यांनी १९६० साली दोन वर्षांच्या महाविद्यालयांतल्या समुपदेशनाबद्दल एक निबंध लिहिला. तिथला समुपदेशक विद्यार्थ्याला कधी तोंडावर नकार देत नाही. चाचण्या, श्रेणी, ‘तुझ्या हिताचं सांगतो’ असं करत हळूहळू त्याची महत्त्वाकांक्षा खाली उतरवतो. शेवटी विद्यार्थ्याला वाटतं की हा निर्णय आपलाच होता. साठ वर्षं उलटून गेली तरी हे वर्णन शिळं झालेलं नाही. पहिल्या रसायन परीक्षेत सी आला की ‘दुसऱ्या शाखेचा विचार केलास का?’ हा प्रश्न कुणाला चटकन विचारला जातो आणि कुणाला नाही, हे तपासून बघावं. हल्ली हे काम संगणकही करतो. जुन्या विद्यार्थ्यांच्या नोंदींवरून नव्या विद्यार्थ्याचा ‘धोका’ मोजणाऱ्या प्रणाली अनेक विद्यापीठांनी घेतल्या आहेत. जॉर्जिया स्टेट विद्यापीठाने २०१२पासून अशा इशाऱ्यांबरोबर डझनावारी नवे सल्लागार नेमले आणि तिथे पदवी घेणाऱ्यांचं प्रमाण वाढलं, हे खरं. पण इशाऱ्यामागोमाग माणूस नेमायचा की नुसता इशारा दाखवून मुलाला सोप्या विषयाकडे वळवायचं, हे संस्थेच्या हेतूवर अवलंबून राहतं. विज्ञानातल्या सल्लागाराच्या कामाचं मोजमाप ‘किती जण पदवीधर झाले’ एवढ्यावर करू नये. ‘जे शिकायला आले होते तेच शिकून किती जण गेले’ हेही विचारावं. नाहीतर सगळ्यांना विज्ञानाबाहेर पाठवून पदवीचे आकडे छान दिसतील.

आता सोबतीचा प्रश्न. ज्येष्ठ विद्यार्थी जे देऊ शकतो ते प्राध्यापक का देऊ शकत नाही? मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या नीलांजना दासगुप्ता आणि टारा डेनेही यांनी अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षातल्या दीडशे विद्यार्थिनींवर केलेला प्रयोग २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. चिठ्ठ्या टाकून काहींना वरच्या वर्गातली मुलगी मेंटॉर, म्हणजे मार्गदर्शक सोबती, म्हणून दिली, काहींना मुलगा, काहींना कुणीच नाही. वर्ष संपलं तेव्हा मुलगी मेंटॉर असलेल्यांपैकी एकीनेही अभियांत्रिकी सोडलेली नव्हती. बाकीच्या दोन्ही गटांत दहातल्या एक-दोघी गेल्या होत्या. आणि यातला महत्त्वाचा तपशील असा की मेंटॉरमुळे कुणाचे गुण वाढले नाहीत. गुण सगळ्यांचे सारखेच होते. टिकला तो आत्मविश्वास, आणि आपण इथल्याच आहोत ही भावना. नंतरच्या पाठपुराव्यात हा परिणाम पदवीपर्यंत आणि त्यानंतरही दिसला, जरी मेंटॉरची सोबत फक्त पहिल्या वर्षापुरती होती.

म्हणजे ज्या मुली एरवी निघून गेल्या असत्या त्या नापास होत नव्हत्या. एलेन सेमूर आणि नॅन्सी ह्युइट यांनी सात संस्थांतल्या तीनशेहून अधिक विद्यार्थ्यांच्या मुलाखतींतून १९९७ मध्येच हे सांगितलं होतं. विज्ञान सोडणारे आणि टिकणारे यांच्या कुवतीत फारसा फरक नसतो, तक्रारीसुद्धा त्याच असतात. शिकवणं कोरडं, विषयांचा भार, एकटेपणा, निर्दय श्रेणी. फरक एवढाच की टिकणाऱ्याला कुणीतरी वेळेवर भेटलेलं असतं. प्राध्यापकाने ‘मलाही हे अवघड गेलं होतं’ असं म्हटलं तर ते नम्रतेचं वाक्य वाटतं. एक वर्ष पुढे असलेल्या मुलीने सांगितलं, ‘मला पहिल्या चाचणीत बेचाळीस होते’, तर ती माहिती असते.

दासगुप्तांचा प्रयोग मला अडचणीतही टाकतो. मेंटॉर आपल्यासारखाच हवा, असं यातून निघतं का? मग ज्या वर्गात अशा मुली, अशी मुलं मुळात चारच आहेत तिथे काय करायचं? त्या चौघांनीच पुढच्या सगळ्यांना सांभाळायचं? असंच चालतं, बहुतेक ठिकाणी. मानसशास्त्रज्ञ अमादो पादिया यांनी १९९४ मध्ये अल्पसंख्य प्राध्यापकांवर लादल्या जाणाऱ्या या जादा कामाला सांस्कृतिक कर म्हटलं होतं. विद्यार्थ्यांनाही तो भरावा लागतो. विभागात एकच कृष्णवर्णीय मुलगी असेल तर ती प्रत्येक माहितीपत्रकाच्या छायाचित्रात असते, प्रत्येक स्वागत समितीत असते, आणि सगळ्या नव्या मुलांची अनधिकृत ताईही असते, फुकटात. तिचा स्वतःचा सेंद्रिय रसायनाचा पेपर कोण लिहिणार? माझ्या मते यात तडजोड नको. मेंटॉरला मोबदला मिळाला पाहिजे, प्रशिक्षण मिळालं पाहिजे, आणि कामाच्या तासांना मर्यादा हवी. संस्था प्रयोगशाळा-सहायकाला तासाचे पैसे देते. माणसं टिकवणाऱ्याला देताना ‘सेवाभाव’ आठवतो.

या सगळ्या गोष्टी एकत्र बांधल्या तर काय होतं, हे पाहायचं असेल तर मेरिलँड विद्यापीठाच्या बाल्टिमोर काउंटी संकुलाकडे पाहावं. रॉबर्ट आणि जेन मायरहॉफ या दांपत्याच्या देणगीतून तिथे १९८८ मध्ये मायरहॉफ शिष्यवृत्तीचा कार्यक्रम सुरू झाला. त्यामागे गणितज्ञ फ्रीमन ह्राबाउस्की होते, जे पुढे १९९२ ते २०२२ या काळात त्या संकुलाचे अध्यक्ष होते. पहिल्या तुकडीत १९ कृष्णवर्णीय मुलगे होते. महाविद्यालय सुरू होण्याआधी उन्हाळ्यात सहा आठवडे एकत्र राहून अभ्यास करायचा. गटातच शिकायचं. प्रयोगशाळेत लवकर जायचं. सल्लागाराची नजर सतत असते. आणि शिकवणी नापासांसाठी नसते, बी मिळालेल्याला ए मिळावा म्हणून असते. मॉडर्नाच्या कोविड लशीमागच्या संशोधनातल्या किझमेकिया कॉर्बेट याच कार्यक्रमातून आल्या. अमेरिकेचे सर्जन जनरल, म्हणजे सार्वजनिक आरोग्यावर बोलणारे सरकारचे मुख्य डॉक्टर, राहिलेले जेरोम ॲडम्सही.

‘निवडक हुशार मुलं घेतली, ती चमकली, त्यात काय मोठं?’ असं यावर म्हटलं जातं. उत्तर कार्यक्रमाच्या नोंदींतच आहे. निवड होऊनही ज्यांनी दुसऱ्या, बहुतेक वेळा जास्त नावाजलेल्या विद्यापीठांत जाणं पसंत केलं, अशा मुलांशी तुलना केली गेली. विज्ञानात पीएच.डी.पर्यंत जाण्याचं प्रमाण कार्यक्रमात राहिलेल्यांत सुमारे पाचपट निघालं. कुवत तीच, संस्था वेगळी. आणि नकलेचं म्हणाल तर पेन स्टेट आणि उत्तर कॅरोलायना इथे २०१३च्या सुमारास हाच साचा नेला गेला, आणि काही वर्षांतच तिथे तसेच निकाल दिसू लागले. बाल्टिमोरच्या हवेत काही विशेष होतं असं नाही.

एक आक्षेप मी बराच ऐकतो, आणि तो बहुधा यशस्वी माणसांकडूनच येतो. विद्यापीठ म्हणजे बालवाडी नव्हे. आम्हाला कुणी बोट धरून नेलं नाही, धडपडत शिकलो. मला या वाक्याचा आदर आहे, पण त्याची उलटतपासणीही करावीशी वाटते. वसतिगृहात मागच्या वर्षाच्या प्रश्नपत्रिका कुणी दिल्या? कुठल्या सरांकडे प्रकल्प घ्यायचा नाही हे कुणी सांगितलं? ज्यांना हे मिळालं त्यांना ते मदत म्हणून मोजायची सवयच नसते. इतरांसाठी तीच गोष्ट वेळापत्रकात टाकली की ती ‘बोट धरणं’ होते.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे आणि तो कायद्याचा आहे. वंश बघून मदत द्यावी का? मेरिलँडमध्येच कॉलेज पार्क संकुलाची केवळ कृष्णवर्णीयांसाठीची शिष्यवृत्ती संघराज्याच्या अपील न्यायालयाने १९९४ मध्ये रद्द ठरवली. त्यानंतर १९९६ मध्ये मायरहॉफ कार्यक्रम सर्व वंशांच्या विद्यार्थ्यांना खुला झाला. विज्ञानात ज्यांचं प्रमाण कमी आहे अशांना पुढे आणण्याच्या कामात ज्याला रस आहे तो कुणीही. कार्यक्रम बुडाला नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये प्रवेशातला वंशविचार थांबवला, आणि २०२५ मध्ये केंद्र सरकारच्या विज्ञानसंस्थांनी विविधतेशी संबंधित अनेक अनुदानं मुदतीआधीच तोडली. या तोडण्याचं समर्थन मला करता येत नाही. चालू वर्षात मुलांखालची खुर्ची काढून घेणं हे धोरण नव्हे. पण त्यातून उभा राहिलेला प्रश्न टाळूनही चालणार नाही. वंशाचं नाव न घेता हे काम होऊ शकतं का?

बऱ्याच अंशी होऊ शकतं. कॅन्सस सिटीच्या मिसूरी विद्यापीठात डिआना मार्टिन यांनी १९७३ मध्ये एक वेगळी वाट काढली होती. धोक्यातले विद्यार्थी शोधायचे नाहीत, धोकादायक विषय शोधायचे. ज्या विषयात साधारण तीस टक्के मुलं नापास होतात किंवा विषय सोडून देतात, त्या विषयाला एक ज्येष्ठ विद्यार्थी जोडायचा. तो पुन्हा सगळ्या तासांना बसतो आणि मग सगळ्यांसाठी खुली गटसत्रं घेतो. कुणाच्या कपाळावर चिठ्ठी नाही. जो विषय सगळ्यात जास्त मुलांना पाडतो तिथेच मदत उभी राहते, आणि ज्यांना गरज सगळ्यात जास्त त्यांना ती आपोआप पोचते. ही पद्धत पुढे अनेक देशांत गेली. ट्रीझमनच्या कार्यशाळेइतकी ती खोल जात नाही, आणि दासगुप्तांच्या प्रयोगाने दाखवलेली ‘आपल्यासारखं कुणीतरी’ ही गरज ती पूर्ण भागवत नाही. त्यासाठी विद्यार्थ्यालाच मेंटॉर निवडू द्यावा, आणि मेंटॉरांच्या यादीत सगळ्या प्रकारची माणसं असतील याची काळजी घ्यावी. एवढं करायला कुठला कायदा आडवा येत नाही.

आडवा येतो तो विज्ञान विभागांचा स्वभाव. श्रेणी वक्रावर देण्याची पद्धत अजून अनेक पायाभूत विषयांत चालते. म्हणजे ए किती जणांना द्यायचे ते आधी ठरलेलं असतं, मग वर्गाने कितीही चांगलं लिहू दे. अशा वर्गात शेजाऱ्याला समजावून सांगणं म्हणजे स्वतःची श्रेणी खाली ढकलणं. एका हाताने मेंटॉर नेमायचे आणि दुसऱ्या हाताने मुलांना एकमेकांविरुद्ध उभं करायचं, हे दोन्ही एकाच इमारतीत चालतं आणि कुणाला विसंगत वाटत नाही. शिकवण्याचंही तेच. व्याख्यान ऐकवण्याऐवजी वर्गातच मुलांकडून काम करून घेणाऱ्या पद्धतींनी अल्पप्रतिनिधित्व असलेल्या गटांची परीक्षेतली तफावत सरासरी ३३ टक्क्यांनी आणि उत्तीर्ण होण्यातली ४५ टक्क्यांनी कमी होते, असं अनेक अभ्यास एकत्र करून केलेल्या २०२०च्या विश्लेषणात दिसलं. तीनशे मुलांपुढे सरकचित्रं वाचून दाखवणारे प्राध्यापक तसेच ठेवून बाहेर मेंटॉरांची फौज उभी करणं सोपं आहे, कारण त्यात प्राध्यापकांना काही बदलावं लागत नाही. ज्या विभागाला मेंटॉर हवेत त्याने आधी वक्र सोडावा, ही अट मी घालेन.

आणि पैशाचं. हे कार्यक्रम जवळपास सगळीकडे बाहेरच्या अनुदानावर, चार-पाच वर्षांच्या मुदतीवर चालतात. मुदत संपत आली की संचालक मुलांपेक्षा अहवालांना जास्त वेळ देतो, आणि अनुदान गेलं की सल्लागारही जातो. २०२५ मध्ये हे एका झटक्यात, देशभर दिसलं. रसायनशास्त्राच्या विभागाला चंचुपात्रं आणि आम्लं विकत घेण्यासाठी कुणा देणगीदाराच्या पत्राची वाट पाहावी लागत नाही, ती नेहमीच्या अंदाजपत्रकात असतात. गटसत्रं घेणाऱ्या ज्येष्ठ विद्यार्थ्यांचं मानधन आणि दर ऐंशी मुलांमागे एक सल्लागार हा खर्च त्याच पानावर, त्याच्याच खालच्या ओळीत लिहावा. कुठल्या विभागाने लिहिला आणि कुठल्याने नाही, हे तिथे प्रवेश घेणाऱ्या मुलांना आधी कळावं, म्हणून त्या शेजारी आणखी एक आकडा दरवर्षी जाहीर करावा: विज्ञान शिकायला किती आले आणि विज्ञानच शिकून किती गेले, गटवार.